प्लॅस्टरमधला पाय आणि प्लॅस्टरनंतरचा गुडघा

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

गुडघ्याच्या दुखापतीबद्दल आलेल्या पत्रांतून निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक पत्रांमागे एकच समज दिसतो: एकदा प्लॅस्टर घातलं की ते निघेपर्यंत पडून राहायचं. प्लॅस्टर हाड स्थिर ठेवतं, तेवढंच त्याचं काम. आतले स्नायू, रक्ताभिसरण, कातडी आणि वरखालचे सांधे यांची काळजी पहिल्या दिवसापासून रुग्णालाच घ्यावी लागते. उत्तरं म्हणूनच सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : आईचं वय ५८. मोरीत घसरून ती गुडघ्यावर पडली. वाटीला तडा आहे, पण तुकडे सरकलेले नाहीत. मांडीपासून घोट्याच्या वरपर्यंत पाच आठवड्यांचं प्लॅस्टर घातलंय. एवढ्याशा हाडासाठी अख्खा पाय का बांधला? डॉक्टर म्हणतात चालवा, शेजारी म्हणतात पाय टेकवू देऊ नका. कोणाचं ऐकायचं? (नाशिक)

डॉक्टरांचं. वाटी लहान असली तरी मांडीच्या पुढचा सगळ्यात ताकदवान स्नायू तिच्यामार्फतच नडगीला ओढतो. गुडघा वाकला की ही ओढ वाढते आणि तड्याच्या दोन्ही बाजू फाकू लागतात. गुडघा सरळ असला की ती खूपच कमी होते. तो सरळ धरून ठेवायचा तर वर मांडीवर आणि खाली पोटरीवर लांब पकड लागते, कारण आखूड प्लॅस्टरमध्ये गुडघा आतल्या आत वाकत राहतो. आईंना घातलंय त्याला सिलिंडर प्लॅस्टर म्हणतात. तुकड्यांमधली फट साधारण ३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, सांध्याच्या बाजूची पायरी २ मिलिमीटरपेक्षा कमी असेल आणि रुग्णाला गुडघा सरळ ठेवून पाय उचलता येत असेल, तर बहुधा ऑपरेशन लागत नाही.

सरळ गुडघ्यावर उभं राहिलं की वजन मांडीच्या हाडातून थेट नडगीत उतरतं, वाटीवर फारसा ताण येत नाही. म्हणून वॉकर धरून, सोसेल तेवढं वजन टाकून चालायला सांगतात. शेजाऱ्यांचा सल्ला बहुधा दुसऱ्याच दुखापतीचा आहे. नडगीच्या वरच्या टोकाचा, म्हणजे सांध्याच्या बैठकीचा भाग फुटला असेल तर सहा ते बारा आठवडे त्या पायावर वजन टाकायचं नसतं, कारण वजनाने ती बैठक खचते. बाहेरून दोन्ही प्लॅस्टरं सारखीच दिसतात आणि नियम मात्र उलटे असतात. म्हणून ‘वजन टाकायचं का, आणि किती?’ हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावं.

आईंचा घोटा मोकळा आहे, त्याचा उपयोग करा. जागेपणी दर तासाला वीस वेळा पंजा वर-खाली हलवायचा. पोटरीतलं रक्त वर ढकललं जातं, त्यात गाठी धरण्याचा धोका कमी होतो. दुखणं थोडं कमी झालं की मांडी आवळण्याचा व्यायाम: पाय सरळ ठेवून मांडीचा पुढचा स्नायू घट्ट आवळायचा, पाच सेकंद धरायचा, सोडायचा. दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. श्वास रोखू नये. डॉक्टरांनी परवानगी दिली की प्लॅस्टरसकट पाय वीतभर उचलायचा. मांडीचा स्नायू प्लॅस्टरमध्ये फार झपाट्याने वाळतो आणि तो परत कमवायला, वाळायला जेवढा वेळ लागला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. पाच आठवड्यांनंतर आई किती लवकर जिना उतरतील हे या कंटाळवाण्या व्यायामावर ठरणार आहे.

आणखी एक. सूज उतरली की सिलिंडर प्लॅस्टर खाली सरकतं, त्याची कड घोट्याच्या हाडांवर आणि टाचेमागच्या नसेवर घासते. प्लॅस्टरच्या वरच्या कडेशी मांडीवर पेनाने रेघ मारून ठेवा. कड त्या रेघेपासून दोन बोटं खाली आली तर कडेत कापूस कोंबत बसू नका, प्लॅस्टर बदलून घ्या.

प्रश्न : काल रात्री भावाच्या पायाला प्लॅस्टर घातलं. आज बोटं सुजली आहेत, पाय खाली सोडला की जांभळट दिसतात. हे चालतं का? (कोल्हापूर)

पाय खाली सोडल्यावर जांभळट होणारी आणि वर घेतल्यावर काही मिनिटांत पुन्हा गुलाबी होणारी बोटं पहिल्या दिवसांत दिसतातच. दुखापतीची सूज दोन-तीन दिवस वाढते आणि प्लॅस्टर काही सैल होत नाही. म्हणून पहिले ४८ ते ७२ तास पाय छातीच्या वर राहील असा ठेवायचा. भाऊ आडवा झोपलेला असू दे आणि टाचेपासून मांडीपर्यंत दोन-तीन उशांचा उतार करा. बसून स्टुलावर पाय ठेवला तर तो छातीच्या खालीच राहतो, सूज उतरत नाही.

बोटांची तपासणी दर दोन-तीन तासांनी करा, रात्रीसुद्धा. अंगठ्याचं नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. दोन्ही पायांची बोटं हाताला सारखी कोमट लागायला हवीत. अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटामधल्या कातडीवर कापूस फिरवला तर तो कळायला हवा. आणि अंगठा वर, नाकाकडे उचलता यायला हवा. शेवटच्या दोन गोष्टींना कारण आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जे टणक टोक हाताला लागतं, त्याला वळसा घालून एक मज्जातंतू अगदी कातडीखालून जातो. प्लॅस्टर तिथे रुतलं, किंवा पाय सतत बाहेर कलंडून पडून राहिला, तर तो दबतो आणि पंजा लुळा पडतो. पाय बाहेर कलंडू नये म्हणून बाजूला गुंडाळलेली चादर लावा.

आता जे कधीच चालत नाही ते. गोळी घेऊनही वेदना वाढतच चालली आहे. तुम्ही बोट हलकेच वर-खाली ओढलंत तरी भाऊ पोटरीत कळ आली म्हणून ओरडतो. मुंग्या येतात, बधिरपणा आहे, बोटं पांढरी किंवा निळी आणि गार पडली आहेत. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. पोटरीचे स्नायू न ताणल्या जाणाऱ्या आवरणांच्या कप्प्यांत असतात. आत दाब वाढला की आधी बारीक रक्तवाहिन्या बंद होतात, आणि सहा तासांच्या आसपास स्नायू कायमचे मरू लागतात. रुग्णालयात प्लॅस्टर आणि त्याखालचा कापूस, दोन्ही कातडीपर्यंत उभे कापून मोकळे करतात. नुसतं वरचं प्लॅस्टर कापून भागत नाही, रक्ताने वाळलेला कापूसही आवळतो. तिथे पोचेपर्यंत पाय छातीच्या पातळीला ठेवा, त्याहून वर नको, कारण उंचावर रक्त आणखी कमी पोचतं. वेदना हे पहिलं लक्षण असतं. नाडी लागतेय म्हणून निर्धास्त राहू नये, ती बराच वेळ लागत राहते.

काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी उद्भवणारी वेगळी गोष्टही लक्षात असू द्या: पोटरी किंवा मांडी नव्याने सुजून दुखू लागणं, अचानक दम लागणं, छातीत दुखणं. ही शिरेतल्या रक्ताच्या गाठीची लक्षणं आहेत. अशा वेळीही थेट रुग्णालयच.

प्रश्न : ऐन पावसाळ्यात पाय प्लॅस्टरमध्ये आहे. इथे हवाच ओली. प्लॅस्टर वाळत नाही, अंघोळीला काय करायचं, आणि आत ओलं झालं तर? (रत्नागिरी)

पांढरं, पीओपीचं प्लॅस्टर हात लावला तर काही मिनिटांत कडक लागतं, पण ते फक्त गोठलेलं असतं. आतलं पाणी उडून पूर्ण ताकद यायला कोरड्या हवेत दोन दिवस आणि कोकणातल्या पावसात तीन दिवसही लागतात. तोवर ते हाताला गार, राखाडी आणि ठोकलं तर बद्द वाजतं. वाळलं की पांढरं होतं आणि खणखणतं. या काळात पाय उचलताना बोटांनी पकडू नका, दोन्ही तळवे खाली घाला. ओल्या प्लॅस्टरमध्ये बोटाने पडलेला खड्डा आत उंचवटा होऊन बसतो आणि आठवडाभराने तिथे जखम होते. पांघरूण काढा, पंखा लावा. शेगडी किंवा गरम हवेचा ड्रायर लावू नका, त्याने बाहेरचा थर वाळतो, आत ओल राहते आणि कातडी भाजते.

फायबरचं प्लॅस्टर अर्ध्या तासात पक्कं होतं, हलकं असतं, पावसाच्या थेंबांनी विरघळत नाही. पण आतला कापूस तर तोच असतो. तो भिजला की कातडी पांढरी पडून सोलते. त्यामुळे फायबर आहे म्हणून पाय बादलीत घालू नये.

अंघोळीला प्लास्टिकच्या दोन लांब पिशव्या एकावर एक चढवा आणि दोन्हींची तोंडं प्लॅस्टरच्या वर, मांडीच्या उघड्या कातडीवर वेगवेगळ्या उंचीला चिकटपट्टीने बंद करा. रबर बँड लावून आवळू नका. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसा, पाय दुसऱ्या स्टुलावर उंच ठेवा म्हणजे ओघळ पिशवीच्या तोंडाकडे जाणार नाही. अंघोळ झाली की पिशवी लगेच काढा, आत घाम साचतो. सिलिंडर प्लॅस्टरमध्ये उकिडवं बसताच येत नाही, तेव्हा घरात भारतीय संडास असेल तर कमोड खुर्ची भाड्याने आणा. भिंतीला धरून एक पाय पसरून बसण्याचा प्रयत्न करताना दुसऱ्यांदा पडलेले रुग्ण बरेच असतात.

फक्त वरचा थर ओलसर झाला असेल तर टिपून, पंख्याखाली वाळवा. आतला कापूस भिजला, पीओपी मऊ झालं, कुजका वास येतो, एखादा डाग वाढत चाललाय किंवा ताप आहे, तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : आत असह्य खाज येते. विणकामाची सुई चालेल का? (इंदूर)

नाही. सुई, पट्टी, पेन, काहीच नको. बंद कातडीवरचा ओरखडा ओल आणि उबेत चिघळतो आणि तो कोणाला दिसत नाही. सुईने कापूस सरकून गोळा झाला तर तिथे दाबाची जखम होते ती वेगळीच. पावडर आणि खोबरेल तेलही आत सोडू नका. खाजेच्या जागेवर प्लॅस्टर बाहेरून थोपटा, ड्रायरची गार हवा कडेतून आत सोडा. तरी झोप येत नसेल तर डॉक्टर खाजेची गोळी देतात. एकाच ठिकाणी आग किंवा टोचल्यासारखं होत असेल तर ती खाज समजू नका. तिथे डॉक्टरांना प्लॅस्टरला खिडकी कापून बघावं लागतं.

प्रश्न : तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. कुबड्या घेतल्यापासून काखा दुखतात आणि हाताला मुंग्या येतात. (पुणे)

कुबड्यांची उंची चुकली आहे किंवा तुम्ही काखेवर लोंबकळता आहात. चपला घालून सरळ उभे राहा. कुबडीचं टोक पावलाच्या थोडं पुढे आणि वीतभर बाहेर ठेवा. वरची गादी काखेपासून दोन ते तीन बोटं खाली यायला हवी. मूठ मनगटाच्या सुरकुतीच्या उंचीवर हवी, म्हणजे ती धरल्यावर कोपर किंचित वाकतं. वजन तळहातांवर घ्यायचं, गादी फक्त बरगड्यांशी दाबून धरायची. काखेतून हाताचे मज्जातंतू जातात, ते दबल्यामुळे मुंग्या येत आहेत. असंच चालू ठेवलं तर मनगट वर उचलता येईनासं होतं.

जिना चढताना चांगला पाय आधी वरच्या पायरीवर, मग दुखरा पाय आणि कुबड्या. उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी, चांगला नंतर. कठडा भक्कम असेल तर एका हाताने तो धरा आणि दुसऱ्या काखेत एकच कुबडी ठेवा. सोबतच्या माणसाने नेहमी खालच्या बाजूला उभं राहायचं, चढतानाही आणि उतरतानाही. वजन अजिबात टाकायचं नसेल आणि तोल जात असेल तर बसून, हातांच्या जोरावर पायरी-पायरीने सरका. त्यात कमीपणा नाही. टोकांची रबरं दर आठवड्याला बघा. गुळगुळीत झालेलं रबर ओल्या फरशीवर धरत नाही, आणि नवीन रबर औषधांच्या दुकानात स्वस्तात मिळतं.

प्रश्न : दुबईत गुडघ्याला लागलं, काल पूर्ण पायाचं प्लॅस्टर घातलं. परवा सांगलीला घरी यायचंय. विमानात बसू देतील का? (दुबई)

प्लॅस्टर घालून ४८ तास झाले नसतील तर दोन तासांपेक्षा लांबच्या विमान प्रवासासाठी ते उभं चिरून घ्यावं लागतं, कारण सूज अजून वाढत असते. सरळ पायाला पुढची एक खुर्ची पुरत नाही, तेव्हा विमान कंपनीला आधी कळवून जागा आणि व्हीलचेअर ठरवा, डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा. रक्ताच्या गाठींसाठी इंजेक्शन लागेल का हे विचारा. आधी कधी गाठ झाली असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील किंवा वजन जास्त असेल तर ते आवर्जून सांगा. प्रवासात पाणी भरपूर प्या आणि पायाची बोटं हलवत राहा. शक्य असेल तर प्रवास दोन दिवस पुढे ढकला, हेच सगळ्यात बरं.

प्रश्न : सहा आठवड्यांनी प्लॅस्टर काढलं. पाय काडीसारखा झालाय, गुडघा जेमतेम ३० अंश वाकतो. गावचे हाडवैद्य तेल लावून, रगडून एका बैठकीत मोकळा करतो म्हणतात. न्यावं का? (बीड)

नेऊ नका. सहा आठवडे न हललेल्या गुडघ्यात वाटीच्या वरचा आणि बाजूचा पडदा चिकटलेला असतो, स्नायू आखडलेला असतो आणि जुळलेलं हाड अजून कच्चं असतं. झटक्याने वाकवलं तर चिकटलेलं फाटतं, आत रक्त साचतं आणि त्याची नवी, आणखी घट्ट जाळी बनते. कधी वाटी पुन्हा फुटते. जोरात रगडलेल्या स्नायूत हाडासारखा कठीण थर धरू शकतो. नुकत्याच मोकळ्या झालेल्या पोटरीत रक्ताची गाठ असेल तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. कातडीला हलक्या हाताने तेल जरूर लावा. ती कोरडी आणि खवल्यांची झालेली असते. कोमट पाण्यात भिजवायची, घासायची नाही.

आता काय करायचं. गुडघा पूर्ण सरळ होणं हे वाकण्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि सगळ्यांचं दुर्लक्ष तिथेच होतं. पाच अंशांनी जरी वाकलेला राहिला तरी चालताना मांडी सतत ताणलेली राहते आणि माणूस लंगडतो. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा अधांतरी सोडा, पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायला बरं वाटतं, तरी ती काढून टाका.

मग वाटी मोकळी करायची. पाय सरळ आणि मांडी सैल ठेवून वाटी चिमटीत धरा आणि वर-खाली, डावी-उजवीकडे हळूच सरकवा, प्रत्येक बाजूला दहा वेळा. वाटी सरकत नसेल तर गुडघा वाकत नाही.

वाकवण्यासाठी आधी दहा मिनिटं शेक. नंतर सतरंजीवर पाय पसरून बसा, टाचेखाली प्लास्टिकची पिशवी घ्या म्हणजे ती सरकेल. टाच कुल्ल्याकडे ओढा, ताण बसेल तिथे दहा सेकंद थांबा, परत न्या. दहा वेळा, दिवसातून चारदा. पलंगाच्या कडेला बसून चांगल्या पायाने दुखरा पाय हळूच मागे ढकलणं हाही चांगला प्रकार आहे. शेवटी कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं. किती जोर लावायचा याचं माप सोपं आहे: व्यायामाचं दुखणं तासाभरात ओसरायला हवं आणि दुसऱ्या सकाळी गुडघा कालच्यापेक्षा सुजलेला नको. सुजला असेल तर व्यायाम बंद करू नका, निम्मा करा. टाच जिथवर आली तिथे सतरंजीवर खडूने खूण करा आणि दर आठवड्याला बघा.

साध्या चालण्याला सुमारे ६० अंश लागतात, जिन्याला ९०च्या आसपास, खुर्चीतून सहज उठायला त्याहून थोडे जास्त, आणि मांडी घालायला किंवा उकिडवं बसायला १३० किंवा अधिक. हे शेवटचे अंश कित्येक महिन्यांनी येतात, काहींना पूर्ण येत नाहीत. दीड-दोन महिने मनापासून व्यायाम करूनही ९० गाठता आले नाहीत तर परत सर्जनकडे जा. भूल देऊन गुडघा वाकवणं किंवा दुर्बिणीतून चिकटलेलं सोडवणं हे वेळेत केलं तर जमतं. पाय सरळ ठेवून दहा वेळा उचलताना गुडघा जराही वाकत नाही, असं होईपर्यंत काठी सोडू नका.

प्रश्न : हाड लवकर जुळायला काय खावं? घरी पायाचं सूप आणि डिंकाचे लाडू चालू आहेत. (अकोला)

पायाच्या सुपात कॅल्शियम फार थोडं उतरतं. चवीसाठी प्या. लाडू रोज एक ठीक, बसल्या जागी चार खाल्ले तर वाढलेलं वजन त्याच गुडघ्यावर येणार. प्रौढाला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास, ग्लासभर दुधात सव्वादोनशे-अडीचशे मिळतं. तीळ उत्तम. प्रथिनांकडे मात्र कोणी बघत नाही. वजनाच्या दर किलोला एक ते सव्वा ग्रॅम धरा, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम असतं आणि वाटीभर घट्ट वरणातही जवळपास तेवढंच. पातळ आमटी-भातावर हे भागत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी विचारा. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे. मनाने वर्षभर घेत राहिल्यास रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढतं. आणि तंबाखू, बिडी, मिश्री बंद. तंबाखूमुळे हाडाकडे जाणारं रक्त कमी होतं आणि जुळणं लांबतं. मिश्री लावणाऱ्या बायका ती व्यसनात धरत नाहीत आणि डॉक्टरांना सांगत नाहीत, म्हणून घरच्यांनी सांगावं.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, कबड्डी खेळतो. पकड करताना गुडघ्यात ‘कट’ असा आवाज आला, दोन तासांत टम्म सुजला. एक्स-रे चांगला. तीन आठवडे प्लॅस्टर घातलं, तरी वळताना गुडघा सटकतो. (सांगली)

आवाज, काही तासांत भरलेली सूज आणि नंतर सटकणं, हे वर्णन आतल्या पुढच्या अस्थिबंधाचं, म्हणजे एसीएलचं आहे. एक्स-रेत तो दिसत नाही. तुटलेला एसीएल प्लॅस्टरने भरवशाने जुळत नाही आणि मांडी मात्र वाळते. अनुभवी हाताने केलेली तपासणी आणि एमआरआय करून घ्या. तोवर मैदान पूर्ण बंद, कारण दर वेळी गुडघा सटकताना आतली गादी थोडी थोडी फाटते. गुडघा अडकून सरळच होत नसेल तर घाई करा, फाटलेली गादी मध्ये आलेली असू शकते. ऑपरेशन ठरलं तरी आधी सूज उतरवून, गुडघा पूर्ण सरळ करून, मांडी कमावून जावं. अशा गुडघ्याचा निकाल चांगला लागतो. नंतर नऊ महिन्यांच्या आत, आणि मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या ९० टक्के होण्याआधी, त्याला स्पर्धेत उतरवू नका, प्रशिक्षकांनी कितीही आग्रह केला तरी.

प्रश्न : वय ६२. वाटीचं प्लॅस्टर फेब्रुवारीत निघालं. आषाढी वारी चालता येईल का? (आळंदी)

आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे, आणि पुणे ते सासवड हा तीस किलोमीटरच्या आसपासचा टप्पा दिवे घाट चढून जातो. निघण्याच्या तीन आठवडे आधी तुम्हाला दोन दिवस लागोपाठ दहा-बारा किलोमीटर चालता यायला हवं, दुसऱ्या सकाळी गुडघा सुजलेला नसावा, आणि कठडा न धरता एक मजला उतरता यायला हवा. उतरताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या तिप्पट भार येतो, म्हणून कस उतरताना लागतो. एवढं जमत नसेल तर घाटाचा टप्पा वाहनाने करा आणि सपाट टप्पे चाला. मुक्कामाला जमिनीवर मांडी न घालता खुर्ची मागून घ्या, पाय उंच ठेवा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा आणि तो पाय टाकताना तिच्यावर भार द्या. सपाट, घट्ट तळाचे बूट आताच घेऊन वापरायला सुरुवात करा.